एका पंक्तीचें शिक्षण

मुलांना नीति कशी शिकवावी, हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाहीं. १८८२ सालीं हिंदुस्थानांतील शिक्षणाची पाहणी करण्यासाठीं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं जें कमिशन बसलें, त्याच्यापुढेंही तो आला होता. नव्या विद्येनें तरुणांची बुद्धि तीक्ष्ण होते, पण शील मात्र सैल पडतें, अशी तक्रार त्या काळीं बरेचदां कानीं येत असे. कमिशननें तिच्यावर उपाय सुचविला तो असा : सर्व धर्मांना मान्य होतील अशा मूलतत्त्वांवर आधारलेलें एक नीतीचें पाठ्यपुस्तक तयार करावें, आणि मनुष्याचीं व नागरिकाचीं कर्तव्यें या विषयावर कॉलेजांतून दरवर्षीं व्याख्यानें व्हावींत. कमिशनच्या सभासदांत मुंबईचे काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर करणारा हा पंडित अशा शिफारशीस आनंदानें संमति देईल, असें कोणासही वाटावें. परंतु तेलंगांनीं आपला मतभेद स्वतंत्रपणें लिहून ठेवला. अशा पुस्तकानें व अशा व्याख्यानांनीं विद्यार्थ्यांचें आचरण सुधारेल, ही गोष्ट त्यांना पटली नव्हती. सरकारनेंही पुढें तें पुस्तक सिद्ध करण्याचा नाद सोडून दिला.

त्याच कमिशनकडे पुण्याहून आणखी एक निवेदन गेलें होतें. तें जोतीराव फुले यांचें. त्यांत नीतीच्या पुस्तकाची मागणी नाहीं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविणारा मास्तर शक्यतों शेतकरी वर्गांतूनच तयार करावा, असें त्यांत म्हटलें आहे. असा मास्तर लोकांत मिळून मिसळून वागेल, आणि प्रसंग पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचें हत्यार हातीं धरण्यास लाजणार नाहीं, असें जोतीरावांनीं त्याचें कारण दिलें. तेलंग आणि फुले हे दोघे किती भिन्न प्रकृतीचे पुरुष होते, हें सांगावयास नको. तथापि या एका बाबतींत दोघांच्या विचारांचें पाणी एकाच उतारानें वाहत होतें. पुस्तकांतून शील येत नाहीं, असें एकानें सांगितलें. तें कोणाच्या सहवासांतून येईल, हें दुसऱ्यानें सुचविलें. या सूचनेची प्रत्यक्ष परीक्षा होण्यास मात्र चाळीस वर्षें जावीं लागलीं. ती परीक्षा कोणत्याही वर्गांत झाली नाहीं. ती झाली जेवणाच्या पंक्तींत. तिचाच वृत्तान्त आज सांगावयाचा आहे.

प्रथम आपण कोल्हापुराकडे वळूं. खेड्यांतला मुलगा शिकावयास शहरांत आला, तर तो राहणार कोठें आणि जेवणार कोणाकडे, ही त्या काळची खरी अडचण होती. शाळेची फी एक वेळ माफ होऊं शके. पण अन्न आणि पाणी हीं जातीच्या कुंपणाबाहेर मिळत नसत. गरीब ब्राह्मण मुलास निदान माधुकरीचा आणि वारांचा आधार असे. कुणब्याच्या मुलास तोही नव्हता. अस्पृश्य मानलेल्या मुलाची गोष्टच बोलावयास नको. राजर्षि शाहू छत्रपतींनीं ही अडचण अचूक ओळखली. १८९६ सालीं तेथें सर्वांकरितां म्हणून एक वसतिगृह निघालें. परंतु प्रत्यक्षांत त्याचा लाभ एकाच वर्गाच्या हातीं राहिला. तेव्हां १९०१ पासून महाराजांनीं मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करण्यास हात दिला. अस्पृश्य मुलांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. जातवार वसतिगृहें काढलीं म्हणून महाराजांना कोणी नांवें ठेवील, तर त्यानें ही आधींची हकीकत विसरूं नये. ज्याला मुळीं पाटच मिळत नाहीं, त्याला आधीं पाट मिळवून देणें भाग होतें. ते सारे पाट एका रांगेंत मांडण्याचें काम पुढच्या पिढीवर पडलें.

त्या पिढींतला एक मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगांत राहून राजाराम हायस्कुलांत शिकत होता. त्याचें नांव भाऊराव पायगोंडा पाटील. २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें त्याचा जन्म झाला. शरीरानें दणकट, स्वभावानें हूड, आणि अभ्यासांत बेताचाच. चरित्रकार सांगतात तें असें कीं, मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास हा मुलगा हजर राहिला. समारंभ आटोपून तो आपल्या वसतिगृहांत जेवावयास परतला, तेव्हां त्याला सांगण्यांत आलें कीं, अस्पृश्यांच्या समारंभाहून आलास, तेव्हां स्नान केल्याशिवाय पंक्तीस बसतां येणार नाहीं. मुलानें स्नान करण्याचें नाकारलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्याला तें वसतिगृह सोडावें लागलें, आणि छत्रपतींच्या वाड्याच्या आश्रयास जाऊन राहावें लागलें.

या प्रसंगाकडे आपण जरा शांतपणें पाहूं या. वसतिगृह चालविणारे लोक दुष्ट नव्हते. मुलांना चांगलें वळण लागावें म्हणूनच तर त्यांनीं तें काढलें होतें. स्नान, प्रार्थना, वेळेवर उठणें, नियमानें वागणें, हें सारें त्या वळणाचेंच अंग होतें. त्यांच्या दृष्टीनें हा मुलगा नियमभंग करणारा होता, आणि नियम मोडला तर शिक्षा व्हावी हें शिस्तीला धरूनच होतें. परंतु ज्या समारंभांत सर्व माणसें सारखीं असें बोललें जातें, त्याच समारंभाहून परत येतांना विटाळ होतो असें घरीं ठरतें, तेव्हां मुलानें कोणता धडा घ्यावा? सभेंतला कीं स्वयंपाकघराच्या दारांतला? बहुतेक मुलें दारांतलाच घेतात. तो उंबऱ्यावर रोज भेटतो, आणि सभा वर्षांतून एखादे वेळीं भरते. भाऊरावानें सभेंतला धडा खरा मानला, आणि त्याची किंमत भरली.

या हकीकतीला एक उत्तरार्ध आहे, आणि मला तो पूर्वार्धाहून मोठा वाटतो. त्या वसतिगृहाच्या कारभारांत अण्णासाहेब लठ्ठे हे प्रमुख गृहस्थ होते. पुढें १९१४ च्या सुमारास कोल्हापुरांत ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फांसल्याचें प्रकरण उपस्थित झालें, आणि संशयाचें बोट लठ्ठ्यांकडे वळलें. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यांत आलें. ज्यांच्या वसतिगृहांतून आपल्याला बाहेर पडावें लागलें, त्यांच्यावर उट्टें काढण्याची ही आयती संधि होती. भाऊरावांनीं खोटी साक्ष देण्याचें साफ नाकारलें. त्यासाठीं कैद सोसली, छळ सोसला, पण शब्द बदलला नाहीं. मॅट्रिकची पायरीही न ओलांडलेल्या या तरुणाला नीतीच्या पेपरांत किती गुण मिळाले असते, तें सांगवत नाहीं. परंतु शील म्हणून ज्याला म्हणावें, तें याहून निराळें काय असतें? नियम पाळणारा विद्यार्थी आणि सत्य पाळणारा विद्यार्थी हे नेहमींच एक नसतात, हें शाळा चालविणारांनीं या गोष्टीवरून मनांत बाळगावें.

पुढें कांहीं वर्षें भाऊराव ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गांवोगांव हिंडले. या फिरतीनें त्यांना खेडें आंतून दिसलें. दिवा आहे पण तो लावून वाचणारा नाहीं, नांगर आहे पण त्याचा हिशेब ठेवणारा नाहीं, ही अवस्था त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. दुधगांवांत मित्रांच्या साहाय्यानें वसतिगृहाचा प्रयोग त्यांनीं पूर्वीच करून पाहिला होता. अखेर ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. जोतीरावांनीं १८७३ सालीं काढलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेंतच या संस्थेचा संकल्प झाला, ही गोष्ट लक्ष्यांत घेण्याजोगी आहे. संस्थेचे जे उद्देश लिहून ठेवण्यांत आले, त्यांत मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड उत्पन्न करणें व गरीब मुलांना मोफत शिक्षण देणें हे तर होतेच. पण निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव वाढविणें, एकीचें महत्त्व कृतीनें पटवून देणें, आणि मुलांना काटकसरी, स्वावलंबी, शीलवान व उत्साही बनविणें, हेही होते. यांतील “कृतीनें” हा एक शब्द सगळ्या उद्देशांची किल्ली आहे.

१९२४ सालीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें, आणि तेथें सर्व जातींच्या मुलांचें एक वसतिगृह सुरू झालें. सातारा हें गांव या कामीं कसें होतें, हें समजण्यासाठीं चोवीस वर्षें मागें जावें लागेल. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं याच साताऱ्याच्या सरकारी शाळेंत भीमराव नांवाचा एक मुलगा दाखल झाला. त्याला इतर मुलांच्या बरोबरीनें बसतां येत नसे. कोपऱ्यांत बसावयाचें, आणि तेंही घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. तो तुकडा रोज संध्याकाळीं परत घरीं न्यावयाचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायानें नळ उघडून देईपर्यंत थांबावयाचें. शिपाई नसला तर पाणी नाहीं. हें सारें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. त्या शाळेंतही सत्याचे व दयेचे धडे पुस्तकांतून वाचले जात असतीलच. पण कोपऱ्यांतला गोणपाट हाही एक धडा होता. तो सगळ्या वर्गाला रोज मिळत होता, आणि तो शिकविण्यासाठीं कोणा मास्तराला तोंड उघडावें लागत नव्हतें.

भाऊरावांनीं त्याच गांवांत नेमका याच्या उलट धडा मांडला, आणि तोही न बोलतां. वसतिगृहांत महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुलें एकाच छपराखालीं राहूं लागलीं. एकच चूल, एकच पाण्याचें भांडें आणि एकच पंक्ति. स्वयंपाक, दळण, झाडलोट, पाणी आणणें हीं कामें मुलांनींच करावयाचीं. आज जो पंक्तींत वाढतो तो उद्यां भांडीं घासतो, आणि आज जो घासतो तो उद्यां वाढतो. या व्यवस्थेंत समतेवर व्याख्यान देण्याची जरुरी राहत नाहीं. ज्या हातानें भाकरी भाजली तो हात कोणाचा, हें विचारावयास मुलाला सवडच नसते; त्याला भूक लागलेली असते, आणि भाकरी गरम असते. दोन महिने असे गेले म्हणजे जो प्रश्न गांवांत पिढ्यान्‌पिढ्या सुटला नाहीं, तो मुलांपुरता कोणाच्या नकळत सुटून जातो.

ही पंक्ति चालविणें सोपें नव्हतें. धान्य संपत असे, उधारी थकत असे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या होत्या. सोंवळ्यांत वाढलेल्या त्या बाईंनीं सर्व जातींच्या मुलांना आपल्या हातानें जेवूं घातलें. एकामागून एक दागिने गेले. आणि एके दिवशीं घरांत दाणा नाहीं असें झालें, तेव्हां त्यांनीं गळ्यांतलें मंगळसूत्रही काढून दिलें. ज्या समाजांत सवाष्णीचें मंगळसूत्र प्राणाहून मोलाचें मानतात, त्या समाजांतील एका बाईनें परक्या जातींच्या मुलांच्या भाकरीसाठीं तें द्यावें, ही गोष्ट त्या मुलांनीं पाहिली. १९३० सालीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यागावर निबंध लिहिण्याची पाळी त्या मुलांवर कधीं आलीच असेल, तर त्यांना उदाहरण शोधावयास पुराणांत जावें लागलें नसेल.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधी साताऱ्यास आले, आणि त्यांच्या हस्तें या वसतिगृहाचें “श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस” असें नामकरण झालें. त्यानंतर पुरते चार आठवडेही गेले नसतील, तोंच २० मार्चला महाडास डॉ. आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, आणि त्या एका ओंजळीसाठीं त्यांच्या लोकांना मार खावा लागला. एकाच महाराष्ट्रांत, एकाच ऋतूंत, एका ठिकाणीं पाण्यासाठीं डोकीं फुटत होतीं, आणि दुसऱ्या ठिकाणीं मुलें एका भांड्यांतलें पाणी पीत होतीं. या दोन चित्रांमधलें अंतर मोजलें म्हणजे त्या वसतिगृहाचें मोल कळतें.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. शाळेंत मुलांना श्रम करावयास लावण्यांत शिक्षण कोणतें? गरिबाचा मुलगा घरीं राबतो, तो शाळेंतही राबला, तर त्याला मिळालें काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. जेथें गरिबाच्या मुलानें झाडावें आणि सुखवस्तु मुलानें त्या वेळीं वाचावें, अशी वांटणी असते, तेथें श्रमाला शिक्षण म्हणणें ही प्रतारणा होय. ती फीची वसुली झाली. भाऊरावांच्या योजनेंत श्रमाचे दोन गुण होते, म्हणून ती या आक्षेपांतून सुटते. एक तर काम सर्वांना पाळीनें होतें. कोणतेंही काम कोणा एका जातीचें राहिलें नाहीं. झाडू हा जातीच्या हातांतून सुटून पाळीच्या हातांत आला, हीच मोठी क्रांति होती. दुसरें असें कीं, या श्रमानें मुलगा भिक्षेंतून मुक्त झाला. दात्याच्या दारांत उभा राहून शिकलेला मुलगा विद्वान होईल, पण ताठ मानेचा होईलच असें नाहीं. स्वावलंबी शिक्षण हेंच आपलें ब्रीद, असें जें संस्थेनें ठरविलें, त्याचें मर्म हें आहे. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षणाची योजना देशापुढें मांडली, तेव्हां साताऱ्याच्या मुलांना ती फारशी अपरिचित वाटली नसावी.

श्रमाबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती माया. तिचें उदाहरण आपल्याला खानदेशांत सांपडतें. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ सालीं अमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक झाले, आणि पुढें तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलें शाळेंत गेलीं म्हणजे हे गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, पसरलेलीं अंथरुणें नीट घडी करून ठेवीत, आणि त्याविषयीं अवाक्षर बोलत नसत. मुलांसाठीं “छात्रालय” नांवाचें हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहीत. खोली अस्वच्छ ठेवल्याबद्दल दंड करणारा अधीक्षक मुलांना भय शिकवितो. स्वतः केर काढणारा गुरु मुलांना लाज शिकवितो, आणि ही लाज दंडाच्या भीतीपेक्षां पुष्कळ दिवस टिकते. १९३० सालीं ते नोकरी सोडून सत्याग्रहांत गेले. याच साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुराच्या विठ्ठलाचें मंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें, आणि तें दार उघडलें.

इकडे साताऱ्याचें रोप वाढत होतें. प्रशिक्षित शिक्षकांवांचून खेड्यांत शाळा उभ्या राहणार नाहींत हें ओळखून १९३५ सालीं भाऊरावांनीं अध्यापक विद्यालय काढलें, आणि तेथून तयार झालेले शिक्षक डोंगराळ वस्त्यांपर्यंत पोहोंचले. नांगर धरण्यास न लाजणारा मास्तर, ही जोतीरावांची मागणी अशा रीतीनें पुरी होऊं लागली. संस्थेनें चालविलेल्या अशा स्वयंसेवी प्राथमिक शाळांची संख्या ५७८ पर्यंत गेली. १९४० सालीं महाराजा सयाजीराव यांच्या नांवानें मोफत हायस्कूल निघालें, आणि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज. “कमवा व शिका” हा मंत्र वसतिगृहांतून कॉलेजापर्यंत चढला. ९ मे १९५९ रोजीं भाऊराव निवर्तले, तेव्हां लोक त्यांना कर्मवीर म्हणत होते. आज संस्थेच्या शाखांची गणना शेकड्यांनीं होते, आणि तिच्या बोधचिन्हावर वडाचें झाड आहे.

परंतु झाड मोठें झालें म्हणजे एक भय उत्पन्न होतें, आणि तें या एकाच संस्थेपुरतें नाहीं. आरंभीं जें आचरण असतें, तें पुढें उत्सव होतें, आणि शेवटीं भिंतीवरची तसबीर. आज आपल्या शाळांतून परिपाठ आहे, मूल्यशिक्षण आहे. समता, श्रमप्रतिष्ठा, सौजन्य हे शब्द फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असतात. १८८२ सालच्या कमिशनला जें पुस्तक हवें होतें, तें एका अर्थी आपण आतां तयार केलें आहे. तें वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. पण शाळेचा संडास कोण धुतें, वर्गाच्या मागच्या बांकावर नेहमीं कोणाचीं मुलें बसतात, चुकलेल्या मुलाशीं गुरुजी कोणत्या स्वरांत बोलतात, यांचें उत्तर त्या फळ्यावर नसतें; आणि मूल तर तेंच पाहत असतें.

सुदैवानें भाऊरावांची पंक्ति आज निराळ्या रूपानें प्रत्येक गांवाच्या शाळेंत आली आहे. दुपारची घंटा होते, ताटल्या वाजतात, आणि पोषण आहारासाठीं मुलें रांगेनें बसतात. सरकारच्या कागदावर तो आहार आहे. शिक्षकाच्या मनांत असेल तर तो दिवसांतला सर्वांत मोठा पाठ आहे. स्वयंपाक करणारी बाई अमक्या जातीची म्हणून मुलांनीं जेवण नाकारल्याच्या बातम्या देशाच्या एखाद्या कोपऱ्यांतून अजूनही येतात. तीं मुलें तो धडा घरून घेऊन आलेलीं असतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाहीं. अशा वेळीं गुरुजींनीं काय करावें? मला वाटतें, त्यांनीं भाषण करूं नये. आपली ताटली घ्यावी, त्या रांगेंत मुलांच्या मधोमध मांडी घालून बसावें, आणि त्या बाईंच्या हातचें अन्न मुकाट्यानें व आनंदानें जेवावें. असें रोज करावें. कोल्हापुरांत एका मुलाला ज्या पंक्तीवरून उठावें लागलें, ती पंक्ति अशानेंच पुरी होईल.